निरंकुश राजाचा हात कुठवर पोचतो?

इ. स. १६८२ च्या मे महिन्यात तीन गोष्टी घडल्या. ६ मे रोजी फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने आपला दरबार आणि कारभार पॅरिसबाहेर व्हर्साय येथील राजवाड्यात कायमचा नेला. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे नव्या कालगणनेप्रमाणे ७ मे रोजी, मॉस्कोत नऊ वर्षांच्या पीटरची झार म्हणून घोषणा झाली. आणि त्याच महिन्यात कोकणात माणगावजवळ गांगवली येथे महाराणी येसूबाईंच्या पोटी संभाजी महाराजांचा मुलगा जन्मला. आजोबांच्या नावावरून त्याचे नाव शिवाजी ठेवले. पुढे तेच साताऱ्याचे थोरले शाहू छत्रपती झाले.

या तिघांनी एकमेकांना कधी पाहिले नाही. तरीही त्यांना एका रांगेत उभे करून पाहावे, असे मला गेली काही वर्षे वाटत आले आहे. युरोपच्या इतिहासात सोळाव्या ते अठराव्या शतकांच्या काळाला अनियंत्रित राजेशाहीचा काळ म्हणतात. लुई आणि पीटर ही त्या राजेशाहीची ठळक नावे. आपल्या शाहू महाराजांना कोणी त्या यादीत घालत नाही. ते सौम्य होते, साताऱ्यात बसून राहिले आणि सत्ता पेशव्यांकडे गेली, एवढेच आपण शाळेत शिकतो. लुई बलाढ्य आणि शाहू दुबळे, असा सरळ निवाडा करून आपण मोकळे होतो. त्या काळातला राजा जे करू शकत होता आणि जे करू शकत नव्हता, ते कागदांवरून तपासले तर हा निवाडा टिकत नाही, असे माझे मत आहे. ते का, हे पुढे मांडतो.

शब्दाचा अर्थ

निरंकुश म्हणजे ज्याच्यावर अंकुश नाही असा हत्ती. युरोपातल्या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये असून त्याचा अर्थही ‘सुटलेला, मोकळा’ असाच आहे. म्हणजे कायद्याच्या बंधनातून मोकळा. १५७६ मध्ये ज्याँ बोदँ या फ्रेंच पंडिताने सार्वभौम सत्ता ही अखंड असते आणि राजा कायदा करतो म्हणून तो स्वतःच्या कायद्याने बांधला जात नाही, असा विचार मांडला. पण त्याच बोदँने मर्यादाही सांगितल्या. राजा ईश्वरी नियमाच्या वर नाही. राज्याचा वारसाक्रम त्याला बदलता येत नाही. मुकुटाची मालमत्ता त्याला विकता येत नाही.

म्हणजे निरंकुशपणा हा हक्काचा प्रश्न होता. राजाला जाब विचारणारा दुसरा कोणी नाही, एवढाच त्याचा अर्थ. राजाचा हुकूम शंभर कोसांवरच्या खेड्यात प्रत्यक्ष पाळला जातो की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. पहिल्याला अधिकार म्हणू, दुसऱ्याला आवाका. या दोहोंची गल्लत झाली की राजा देव तरी वाटतो, नाहीतर बाहुले तरी.

तीन बालपणे

या तिन्ही राजांनी सत्तेची नाजूक बाजू लहानपणीच पाहिली होती. लुई १६४३ मध्ये गादीवर आला तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता. १६४८ ते १६५३ या काळात न्यायालयाचे अधिकारी आणि मोठे उमराव यांनी बंड केले. १६५१ च्या फेब्रुवारीत एका रात्री पॅरिसचा जमाव थेट राजवाड्यात शिरला. राजाला पळवून तर नेले नाही ना, ही त्यांची शंका होती. बारा वर्षांच्या मुलाला झोपेचे सोंग घेऊन पडून राहावे लागले आणि लोकांनी त्याला पाहून खात्री करून घेतली. त्याच सुमारास, १६४९ च्या जानेवारीत, इंग्लंडमध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला होता.

पीटरच्या घोषणेला महिनाही झाला नव्हता तोच मॉस्कोच्या बंदूकधारी पलटणींनी क्रेमलिनमध्ये शिरून त्याच्या आईकडच्या नातलगांना ठार केले. ते त्याच्या डोळ्यांदेखत घडले.

शाहू महाराज तर सातव्या वर्षीच कैदेत गेले. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, त्याच वर्षी रायगड पडला आणि येसूबाईंसह बाल शाहू औरंगजेबाच्या छावणीत आले. तिथे त्यांची सतरा वर्षांहून अधिक काळ गेली. सगळे तारुण्य त्यांनी अशा बादशहाच्या सावलीत काढले, ज्याच्याइतके सैन्य आणि खजिना त्या वेळी हिंदुस्थानात दुसऱ्या कोणाकडे नव्हता आणि ज्याला तरीही दख्खन आवरत नव्हते. राजाचा अधिकार आणि आवाका यांतला फरक त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

पुढे तिघांनी तीन वाटा धरल्या. पीटरने दहशतीची वाट धरली. बंडखोर पलटणींना त्याने १६९८ नंतर शेकड्यांनी मृत्युदंड दिला आणि स्वतःचा मुलगा अलेक्सेई याच्यावर खटला चालवला. तो १७१८ मध्ये तुरुंगातच मेला. लुईने उमरावांना आपल्या डोळ्यांपुढे आणून ठेवण्याची वाट धरली. शाहूंनी सलोख्याची वाट धरली. १७०७ मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर सुटका झाल्यावर त्यांना खेडच्या लढाईत ताराबाईंच्या सैन्याशी सामना करावा लागला. १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. पण हाती आलेले राज्य विस्कटलेले होते. जो तो सरदार स्वतःचे पथक आणि स्वतःचा मुलूख राखून होता.

राजाचा दिवस

व्हर्सायला लुईचा दिवस घड्याळाप्रमाणे चाले. सकाळी राजा उठतो हा एक समारंभ असे. कोणी आधी आत जायचे, कोणी नंतर, याच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. राजाला सदरा देण्याचा मान मोठा. रात्री राजा झोपायला निघाला की मेणबत्तीची दिवटी क्षणभर हातात धरण्याचा मान कोणाला मिळतो, याची चर्चा दरबारभर होई. जो उमराव दरबारी दिसत नसे त्याने काही मागितले, तर ‘हा माणूस माझ्या पाहण्यात येत नाही’ अशा अर्थाचे उत्तर राजा देई.

हे हास्यास्पद वाटेल, पण त्यात हिशेब होता. जे उमराव तीसेक वर्षांपूर्वी फौजा घेऊन राजावर चालून गेले, तेच आता दिवटीसाठी ताटकळू लागले. त्यांच्या जहागिरी राजाने काढून घेतल्या नाहीत, त्यांची करमाफीही तशीच राहिली. फक्त प्रतिष्ठा मिळण्याचे ठिकाण त्याने आपल्या शयनगृहाच्या दाराशी आणून ठेवले.

साताऱ्याचा दरबार एवढा बांधीव नव्हता. शाहू महाराजांना शिकारीचा आणि कुत्र्यांचा विलक्षण शौक होता. वाघापासून आपला जीव वाचवणाऱ्या कुत्र्याला त्यांनी जहागीर आणि पालखी दिली, ही हकीकत ग्रँट डफने नोंदवली आहे. डफ १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यात कंपनीचा अधिकारी होता आणि त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो आणखी एक गोष्ट सांगतो. दोन सरदार भेटीला येणार असताना महाराजांनी कुत्र्याला जरीची वस्त्रे आणि दागिने घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि त्यानंतर स्वतः कधी पगडी घातली नाही. डफ याला बुद्धिभ्रम म्हणतो. मला त्यात एका राजाचा थकलेला विनोद दिसतो. मुजरा नेमका कोणाला घडतो, डोक्याला की पगडीला, हा प्रश्न त्याने भर दरबारात विचारला असावा. हा माझा तर्क आहे. पण पुढच्या शंभर वर्षांत साताऱ्यात जे घडले ते पाहता तो अगदीच अनाठायी वाटत नाही.

विकलेला अधिकार

आता पैशाकडे वळू. लढाईला रोकड आज लागते आणि महसूल हंगामाला येतो. ही अडचण सगळ्या राजांची होती. फ्रान्समधल्या राजांनी यावर एक तोड काढली होती. न्यायाधीश, खजिनदार, कर वसुलीचे अधिकारी ही पदे ते विकत. घेणारा एकरकमी पैसा देई आणि पद त्याच्या मालकीचे होई. १६०४ पासून त्यावर आणखी एक सोय आली. पदाच्या ठरवलेल्या किमतीचा साठावा हिस्सा दरवर्षी भरला की ते पद वारसाला देता येई किंवा दुसऱ्याला विकता येई. १६६५ च्या सुमारास लुईचा मंत्री कोल्बेर याने अशा पदांची मोजदाद केली, तेव्हा ती पंचेचाळीस हजारांवर भरली.

याचा परिणाम उघड आहे. विकलेले पद काढून घ्यायचे तर किंमत परत करावी लागते, आणि तेवढा पैसा राजाकडे असता तर त्याने पद विकलेच नसते. म्हणजे निरंकुश राजाला स्वतःचा न्यायाधीश बडतर्फ करता येत नव्हता. म्हणून त्याने प्रांतोप्रांती पगारी, बदलीचे अधिकारी नेमले. पण उभ्या फ्रान्सला असे तीसच्या आसपास अधिकारी होते. बाकी कारभार मालकी हक्काच्या पदवाल्यांकडेच राहिला.

कर तरी सर्वांकडून घेता येत होता का? उमराव आणि धर्मसंस्था मुख्य जमीनकरातून बव्हंशी सुटलेली होती. सेनापती आणि दुर्गरचनाकार व्होबाँ याने सर्वांच्या उत्पन्नावर सारखा दशांश कर बसवावा, असे पुस्तक लिहिले. १७०७ च्या प्रारंभी राजाच्याच सरकारने त्यावर बंदी घातली आणि मार्चमध्ये व्होबाँ वारला. त्याच मार्चमध्ये अहमदनगरला औरंगजेब वारला. युद्धखर्चापायी लुईने पुढे १७१० मध्ये दशांश कर बसवला खरा, पण धर्मसंस्थेने एकरकमी पैसे मोजून त्यातूनही आपली सुटका करून घेतली.

वतन नावाचा दगड

आपल्याकडे पद आणि मालकी एकत्र करणाऱ्या गोष्टीला वतन म्हणत. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे हे राज्याचे नोकर होते आणि आपापल्या हक्काचे मालकही होते. राज्य आदिलशाहीचे असो, मोगलांचे असो की छत्रपतींचे, वतन चालू राही. वतनाचा तंटा पडला तर गोतसभा बसे. पाटील, बलुतेदार, आसपासच्या गावचे वतनदार जमत, निवाड्याचा महजर होई आणि त्यावर जो तो आपली निशाणी करी. कुणब्याचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी, बलुतेदारांची आपापली हत्यारे त्या कागदावर उमटत. राजाकडे फिर्याद गेली तरी अनेकदा तोच तंटा गोताकडे परत धाडला जाई.

वाळवे आणि शिराळे भागातून लोक माझ्याकडे मोडी कागद वाचून घ्यायला येतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘आमचं नाव यात आहे का?’ दुसरा असतो, ‘हक्क काय लिहिलाय?’ कागद कोणत्या राजाच्या अमलातला आहे, हे फार थोडे विचारतात. तीनशे वर्षांपूर्वीच्या वतनदाराची नजरही बहुधा अशीच असणार. राजा त्याला हवा होता तो हक्कावर शिक्का उमटवण्यापुरता.

शिवाजी महाराजांनी हा दगड हलवायचा प्रयत्न केला. वतनदारांनी बांधलेले हुडे, वाडे, कोट त्यांनी पाडले, त्यांचे हक्क नेमून दिले आणि किल्ल्यांवर व मुलखात बदलीचे, पगारी अधिकारी नेमले, असे सभासदाच्या बखरीवरून दिसते. लुईच्या पगारी अधिकाऱ्यांमागचा विचारही हाच होता आणि दोन्ही प्रयोग जवळपास एकाच काळातले आहेत. पण महाराजांनंतर औरंगजेबाशी युद्ध पेटले. राजाराम महाराज जिंजीला होते, तिजोरी रिकामी होती आणि बादशहा मराठे सरदारांना वतनांची लालूच दाखवत होता. त्याच्या बरोबरीने वतने आणि इनामे देण्यावाचून मराठी राज्याला गत्यंतर उरले नाही.

यातली विसंगती एका माणसात दिसते. रामचंद्रपंत अमात्य हे त्या काळात हुकूमतपनाह म्हणून महाराष्ट्रातला कारभार पाहत होते. पुढे १७१५ च्या सुमारास त्यांनी राजनीतीवर आज्ञापत्र लिहिले आणि त्यात वतनदार हे राज्याला कसे घातक ठरू शकतात, नवे वतन का देऊ नये, हे फार परखडपणे सांगितले. पण आणीबाणीत वतने ज्या कारभाराने वाटली त्याचे प्रमुख तेच होते, आणि त्यांच्या स्वतःच्या घराण्याकडेही बावड्याची जहागीर वंशपरंपरेने चालली. पंतांचा खोटेपणा काढण्यासाठी हे सांगत नाही. शहाण्या माणसालाही पुढची सत्ता गहाण टाकूनच आजचे राज्य वाचवावे लागले, एवढे त्यातून दिसते.

शंभर रुपयांचा हिशेब

शाहू महाराजांनी १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ यांना पेशवेपद दिले. १७१९ मध्ये दिल्लीहून तीन सनदा आल्या : स्वराज्याची, दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची आणि सरदेशमुखीची. येसूबाईही तेव्हाच कैदेतून परत आल्या. बदल्यात छत्रपतींनी बादशहाला वार्षिक दहा लाखांची खंडणी आणि पंधरा हजार स्वारांची चाकरी कबूल केली. गंमत अशी की सरदेशमुखी हे तर वतनच. म्हणजे छत्रपती स्वतःही एका अर्थी सहा सुभ्यांचे वतनदार झाले.

या चौथाईची वाटणी पाहण्यासारखी आहे. गावाचा वसूल चारशे रुपये धरला तर चौथाई शंभर. त्यातले पंचवीस रुपये ‘बाबती’ म्हणून राजाचे. सहा रुपये ‘साहोत्रा’ म्हणून पंत सचिवांचे. तीन रुपये ‘नाडगौडा’ म्हणून, राजा सांगेल त्याला. उरलेले सहासष्ट रुपये ‘ऐन मोकासा’ म्हणून सरदाराला, त्याने फौज बाळगावी यासाठी. सरदेशमुखीचे दहा टक्के वेगळे, ते राजाचे. पण चौथाईपुरते बोलायचे तर चारशे रुपयांच्या गावातून राजाच्या नावे पंचवीस रुपये येत.

आणि एका सरदाराचा मोकासा सलग एका मुलखात नसे. एकाच परगण्यात अनेकांचे हिस्से गुंतवलेले असत, म्हणजे कोणी एक जण तिथला सर्वेसर्वा होऊ नये. लुईने उमरावांना एका वाड्यात कोंडले, शाहू-बाळाजींनी सरदारांना एका हिशेबात गुंतवले. दोन्ही ठिकाणी हेतू तोच होता. व्हर्सायला उमराव खर्चाने वाकत गेले. आपल्याकडे मात्र सरदाराची फौज त्याच्याच हाती राहिली आणि मोहिमा माळव्यात, गुजरातेत, वऱ्हाडात गेल्या, तसतशी ती साताऱ्यापासून दूर होत गेली.

वारणेच्या दोन तीरांवर

राजाचा आवाका आमच्या भागात किती होता, याची दोन उदाहरणे देतो. इस्लामपूर हे वाळवे तालुक्याचे ठिकाण. तालुक्याच्या एका अंगाला कृष्णा आणि दुसऱ्या अंगाला वारणा. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांमधला हा मुलूख.

पहिले उदाहरण उदाजी चव्हाणाचे. त्याने बत्तीस शिराळे घेतले आणि या भागात इतका जोर केला की शाहू महाराजांनी अखेर तडजोड करून शिराळे आणि कऱ्हाडची चौथाई त्याला व्यक्तिशः लावून दिली, असे डफ लिहितो. कऱ्हाड साताऱ्याहून काही फार लांब नाही. ज्या राजाच्या नावाने नर्मदेपलीकडे खंडणी वसूल होत होती, त्याला वारणेकाठच्या एका पुंडाशी समझोता करावा लागला. याला दुबळेपणा म्हणता येईल. पण १६५३ मध्ये बंड मोडल्यावर लुईच्या सरकारनेही बहुतेक बंडखोर उमरावांना माफीच दिली होती, आणि त्यांतला सर्वांत मोठा सेनानी, काँदेचा राजपुत्र, पुढे राजाच्याच फौजा घेऊन लढला. ज्याला संपवता येत नाही त्याला हिस्सा द्यायचा, हा व्यवहार दोन्हीकडे होता.

दुसरे उदाहरण वारणेच्या तहाचे. १७३१ मध्ये शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज या चुलतभावांची कऱ्हाडजवळ भेट झाली आणि पुढे तह ठरला. वारणा आणि कृष्णा यांच्या दक्षिणेकडचा तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख कोल्हापूरकडे, उत्तरेचा साताऱ्याकडे. या दोन नद्यांचा संगम सांगलीजवळ हरिपूरला होतो. तह करताना हरलेल्या भावाला शाहूंनी संपवले नाही, मानाने वागवले. त्याच शतकात युरोपात वारसाहक्कावरून स्पेन, पोलंड आणि ऑस्ट्रियाच्या गाद्यांसाठी वर्षानुवर्षे युद्धे झाली. एवढ्यापुरती तरी ‘दुबळ्या’ राजाच्या पारड्यात भर टाकली पाहिजे.

राजाचा शेवटचा कागद

निरंकुश सत्तेची खरी परीक्षा राजा डोळे मिटतो तेव्हा होते. इथे तिघांची गत विलक्षण सारखी झाली.

लुई १ सप्टेंबर १७१५ रोजी वारला. मुलगा, नातू आणि थोरला पणतू त्याच्या आधी गेले होते. वारस होता पाच वर्षांचा धाकटा पणतू. राज्यपालाचा हात बांधून ठेवणारे मृत्युपत्र लुईने करून ठेवले होते. दुसऱ्याच दिवशी पॅरिसच्या न्यायसभेने ते मोडीत काढले. बहात्तर वर्षे राज्य केलेल्या राजाचा शब्द एक दिवसही टिकला नाही.

पीटरने १७२२ मध्ये कायदाच केला की झार आपला वारस स्वतः नेमील. वारसाक्रमाचे बंधनही तोडणारा हा हुकूम लुईच्या अधिकारापलीकडचा होता. पण १७२५ मध्ये पीटर वारला तेव्हा त्याने वारस नेमलेलाच नव्हता. राजधानीतल्या खड्या पलटणींच्या जोरावर त्याची राणी कॅथरीन गादीवर आली.

शाहू महाराजांना मुलगा उरला नव्हता. १७४९ मध्ये आजारपणात त्यांनी नानासाहेब पेशव्यांच्या नावे राज्य सांभाळण्याविषयी आपल्या हातच्या यादी लिहून दिल्या. १५ डिसेंबर १७४९ रोजी ते वारले. ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे आणलेले रामराजे छत्रपती झाले आणि वर्षभरातच, १७५० च्या नोव्हेंबरात, ताराबाईंनीच त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले.

यापुढचा भाग मात्र फक्त आपलाच आहे. छत्रपती किल्ल्यात अडकले, पण शिक्का चालू राहिला. पेशव्यांच्या मुद्रेवर आधी छत्रपतींचे नाव येई. नवा पेशवा झाला की वस्त्रे साताऱ्याहूनच यावी लागत. १७७४ मध्ये सवाई माधवराव अवघे चाळीस दिवसांचे असताना पुरंदरावर त्यांच्यासाठी पेशवाईची वस्त्रे आणली गेली. ज्या राजाला स्वतःच्या इच्छेने किल्ला उतरता येत नाही, तो पाळण्यातल्या बाळाला प्रधान नेमतो! सत्ता कुठे होती? नाना फडणीस आणि बारभाईंकडे. मग वस्त्रांचा खटाटोप कशाला? कारण ज्या पायरीवर पेशवे, शिंदे, होळकर, गायकवाड आणि गावोगावचे पाटील उभे होते, ती सगळी शिक्क्याने दिलेल्या हक्कांची पायरी होती. वरचा शिक्का नाकारला तर आपल्याही कागदाला अर्थ राहत नाही, हे प्रत्येकाला कळत होते. शाहूंनी डोक्यावरून उतरवलेली पगडी अशी डोक्यावाचूनच सत्तर वर्षे मुजरे घेत राहिली.

इंग्रजांनाही ते कळले. १८१८ मध्ये पेशवाई बुडवताना त्यांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले, १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला धाडले, आणि १८४८ मध्ये दत्तक वारस नामंजूर करून राज्य खालसा केले. तलवार बाजूला ठेवून, कागदाच्याच जोरावर.

अंकुश सुटला, पण कोणाचा?

सतराव्या शतकात हिंदुस्थानात राहून गेलेला फ्रेंच वैद्य बर्निए याने कोल्बेरला लिहिले की इथे सगळ्या जमिनीचा मालक बादशहा आहे, खासगी मालकी नाही, म्हणून देश उजाड होतो. त्याचे हे मत युरोपात फार गाजले आणि आशियातला राजा म्हणजे बेबंद हुकूमशहा अशी समजूत रुजली. आमच्या मिराशी जमिनींची खरेदीखते आणि वतनांचे महजर पाहिले की ही समजूत किती वरवरची होती ते दिसते. कुळकट जमिनीवरचा मिरासदाराचा हक्क राजाही सहसा मोडत नसे.

पण इथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. राजाला लगाम होता म्हणजे रयत सुखी होती, असे नाही. राजा आणि रयत यांच्यामध्ये जो उभा होता, त्याचा हक्क पक्का होता एवढेच खरे. रशियात पीटरने उमरावांना सक्तीने चाकरीला लावले आणि त्याच वेळी डोईपट्टी बसवून भूदासांना जमीनदाराशी अधिक घट्ट बांधले. १७६२ मध्ये उमरावांची सक्तीची चाकरी सुटली. भूदास सुटले ते १८६१ मध्ये, मधे जवळपास शंभर वर्षे गेली. आपल्याकडे पाटलाचे वतन हा मान होता, पण महाराचे वतन ही रात्रंदिवसाची बांधलेली चाकरी होती. तीही पिढीजात, तीही शिक्क्याने पक्की झालेली. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात या वतनाविषयीचे विधेयक आणले, ते याच गुलामीवर बोट ठेवण्यासाठी.

शिवाजी महाराजांना जे पुरते साधले नाही आणि लुईला जे जमले नाही, ते शेवटी कोणी केले, हे पाहिले की विषयाचा गाभा हाती येतो. फ्रान्समध्ये ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री राष्ट्रसभेने सरंजामी हक्क आणि विकत घेतलेली पदे रद्द ठरवली. आपल्याकडे परगणा आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने. वाळवे तालुका तेव्हा आधी दक्षिण सातारा आणि मग सांगली जिल्ह्यात होता. ज्या हक्कांपुढे आदिलशहा, आलमगीर आणि छत्रपती यांना नमते घ्यावे लागले, ते आमच्या तालुक्यातून एका सरकारी राजपत्राने उठले, आणि त्यासाठी एकही वाडा पाडावा लागला नाही.

राजाला हे का जमले नाही? कारण त्याचा स्वतःचा हक्कही वतनासारखाच, वाडवडिलांकडून आलेला होता. दुसऱ्याचे वंशपरंपरेचे हक्क मुळातून नाकारायचे तर आपल्या मुकुटावरही प्रश्न येतो. निवडून आलेल्या सभेला ही अडचण नव्हती. तिचा अधिकार दर पाच वर्षांनी संपतो, म्हणूनच तिला दुसऱ्याचा कायमचा हक्क संपवता येतो.

आज आपल्या गावच्या प्रत्येक गटाचा सातबारा सरकारजवळ आहे, प्रत्येक माणसाची नोंद आहे, कर चुकला तर नोटीस दारात येते. चौदाव्या लुईला आपल्या प्रजेची साधी शिरगणतीही धड करता आली नव्हती. आवाक्याच्या बाबतीत आजचे तहसील कचेरी त्याच्या पुढे आहे. म्हणून आजच्या कोणत्याही सत्ताधाऱ्याला ‘राजा’ म्हणून डोक्यावर घेताना दोनदा विचार करावा. जुन्या राजाला अडवायला वतनदाराचा दगड वाटेत होता. तो दगड आपणच काढला आहे, आणि तो काढायलाच हवा होता. आता अंकुश धरायला आपल्यावाचून दुसरे कोणी उरलेले नाही.